निर्बंधांनी शांतता येत नाही

धर्मस्वातंत्र्यावरील सरकारी निर्बंधांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘सामाजिक शांततेसाठी असे निर्बंध लागतात’ हा त्यातील मुद्दा अजिबात पटला नाही. पाकिस्तानात १९७४ मध्ये भुट्टो सरकारने धर्मगुरूंच्या आंदोलनापुढे झुकून घटनादुरुस्ती केली आणि स्वतःला मुस्लीम मानणाऱ्या अहमदिया पंथाच्या लोकांना बिगरमुस्लीम ठरवले. १९८४ मध्ये लष्करशहा झिया उल हक यांच्या वटहुकमाने अहमदियांनी अजान देणे, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. नोबेलविजेते अहमदिया शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या थडग्यावरचा ‘मुस्लीम’ हा शब्दसुद्धा खोडण्यात आला! एवढे करून शांतता आली का? २०१० मध्ये लाहोरला अहमदियांच्या दोन प्रार्थनास्थळांवर शुक्रवारच्या नमाजावेळी हल्ले झाले, ८० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांना परके ठरवण्याचे काम सरकारने आधीच करून ठेवले होते.

– एक वाचक, सांगली