बोयासाठी मागवलेले दिवे बदलून देण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय: शापोरा नदीच्या मुखाशी बोयांवर बसवलेले दोन सौर दिवे

महोदय,

आमच्या ट्रॉलरमालकांच्या संस्थेने जुलैत तुमच्याकडून एक लाल आणि एक हिरवा असे दोन सौर एलईडी दिवे घेतले. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी ते बोयांवर, म्हणजे वाट दाखवणाऱ्या नांगरलेल्या तरंगत्या खुणांवर, चढायला हवे होते म्हणून पैसे आगाऊ भरले. माल वेळेवर आला, तुमचा माणूसही नीट बोलला. तक्रार मालाचीच आहे.

शापोऱ्याच्या मुखातली वाळू पावसाळ्यात सरकते, त्यामुळे बंदर कप्तान खात्याची परवानगी घेऊन आम्ही आत यायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बोये टाकतो. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे समुद्रातून आत शिरताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. दोन्ही दर ३ सेकंदांनी एकदा चमकावेत असं मागणीपत्रात लिहिलं होतं. रात्री तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारा, दिवा ओळखतो तो रंगावरून आणि मनात सेकंद मोजून.

पाणी शांत असलं तर दिवे बरोबर चमकतात. लाट उठली आणि बोया डोलायला लागला की मधली एखादी, कधी लागोपाठ दोन चमका ट्रॉलरच्या केबिनमधून दिसतच नाहीत. ३ सेकंदांचा दिवा ६ चा, ९ चा होतो. म्हणजे तांडेलासाठी तो भलताच दिवा झाला! ऑगस्टमध्ये आमचे दोन ट्रॉलर याच कारणाने बाहेर नांगर टाकून उजाडेपर्यंत थांबले. बर्फ गेला, मासळीचा भाव गेला.

लाल दिवा काढून तुमच्याकडे पाठवला, तर ‘टेबलावर चाचणी घेतली, दिवा निर्दोष आहे’ असं उत्तर आलं. टेबल डोलत नाही, महोदय. तुमचंच माहितीपत्रक पुन्हा वाचलं. दिलेलं मॉडेल ‘जेटी व मनोऱ्यासाठी’ आहे. त्याची भिंग प्रकाश आडव्या, पातळ थरात दाबते. त्याने कमी बॅटरीत जास्त मैल गाठता येतात, पण बोया कलला की तो थर एका बाजूला पाण्यात घुसतो आणि दुसऱ्या बाजूला केबिनच्या वरून निघून जातो. बोयासाठी प्रकाशाचा उभा पसारा जास्त असलेला दिवा लागतो, आणि तो त्याच पत्रकात पुढच्या पानावर आहे. आमच्या मागणीपत्रात ‘तरंगत्या बोयावर बसवण्यासाठी’ हे शब्द ठळक आहेत.

ही अडचण काही नवी नाही. इंग्लंडात टेम्सच्या मुखाशी नोर इथे १७३२ साली दीपनौका, म्हणजे दीपस्तंभासारखा दिवा लावून नांगरलेली नौका, उभी राहिली. पुढे अशा नौकांवर झुलत्या चौकटीत दिवे बसवू लागले, म्हणजे नौका कलली तरी झोत सरळ राहतो. तिथे निदान बघायला माणसं होती, आमच्या बोयावर कोणी नाही.

आणखी एक. पत्रकातला ‘५ मैल’ हा पल्ला ०.८५ पारदर्शकतेच्या, म्हणजे जास्त स्वच्छ हवेचा आहे. दिव्यांच्या तुलनेसाठी धरतात तो नाममात्र पल्ला ०.७४ ला, म्हणजे दृश्यता १० सागरी मैल असताना मोजतात. तुमचा आकडा ०.८५ चा आहे हे पत्रकात बारीक अक्षरात तळाशी छापलंय. श्रावणातल्या रिपरिपीत आम्हाला कोणता आकडा लागतो हे सांगायला नको.

तेव्हा दोन्ही दिवे बोयाच्या मॉडेलने बदलून द्यावेत. उतरवण्या-चढवण्याचा होडीचा खर्च तुमच्याकडे राहील. ग्राहकाने कशासाठी हवं ते सांगितलं असेल तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, असं मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं. नवे दिवे बसल्यावर तुमच्या तंत्रज्ञाने एका रात्री आमच्या ट्रॉलरवर येऊन केबिनमधून चमका मोजाव्यात आणि मगच काम झाल्याची सही घ्यावी.

तोपर्यंत सभासदांना रात्री मुखातून आत यायला आम्ही मनाई केली आहे. त्या नुकसानीचा हिशेब वेगळा पाठवत आहोत.

आपला,
सचिव, ट्रॉलरमालक संस्था, शापोरा, बार्देश