खड्डा आहे, पाणी मुरते का?

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या सभेत रेन वॉटर हार्वेस्टिंगचा विषय निघतो आणि 'आपल्याकडे आहे की, गेटजवळ' एवढ्यावर मिटतो. गेटजवळचा तो खड्डा अनेकदा भोगवटापत्रापुरता, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी मिळवण्यापुरता खणलेला असतो. पुण्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. पार्किंगसाठी मुरूम उपसून टाकल्यावर अखंड कातळात सहा फूट खणले, तर डासांची सोय होते, भूजलाची नाही. खड्डा एकदा काठोकाठ भरून पाहावा. दोन दिवसांत रिकामा झाला नाही, तर जागा चुकली.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची ५०० चौरस मीटरची आणि हंगामाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर साडेतीन लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १० हजार लिटरचे २८ टँकर उरतात. हे पाणी आधी फ्लश आणि बागेच्या टाकीत घ्यावे, ओसंडेल तेवढेच बोअरला द्यावे. पिण्याच्या टाकीत मात्र नको.

घोटाळा होतो तो गाळणीत. ताशी ५० मिलिमीटरची सर आली की याच गच्चीवरून तासाला २५ हजार लिटर पाणी उतरते. एक-दोन चौरस मीटर वाळूला ते झेपत नाही. म्हणून गाळणीआधी गाळ बसायला चेंबर हवे आणि जादा पाण्याला स्वतंत्र वाट हवी. गाळणीत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू. वाळू आणि खडीच्या मध्ये नायलॉनची जाळी. ती विसरली की वाळू खडीत उतरते आणि गाळणी नावालाच उरते. वाळूचा वरचा दोन-तीन इंच थर जूनआधी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये काढून धुवावा.

पहिल्या सरीत कबुतरांची विष्ठा आणि धूळ येते, म्हणून ते पाणी गाळणीत न घेता बाजूला काढावे लागते. ८० चौरस मीटरचे पाणी एका पाइपात उतरत असेल, तर पहिल्या मिलिमीटरचेच ८० लिटर होतात. ११० मिमीच्या पाइपाच्या मीटरभर तुकड्यात जेमतेम ९ लिटर मावतात. तेव्हा तसला तुकडा लावून भागत नाही, शंभर लिटरचा पिंप किंवा साधा व्हॉल्व्ह लावावा. गच्चीवरची टाकी धुतलेले ब्लीचिंगचे पाणीही याच पाइपाने उतरते, त्या दिवशी व्हॉल्व्ह गटाराकडे फिरवावा. पार्किंगचे तेलकट, गढूळ पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नये. बारीक गाळ एकदा भेगांत बसला की बोअरचे येते पाणीही आटते.

महापालिका या यंत्रणेसाठी मिळकतकरात ५ टक्के सवलत देते. सौर यंत्रणा किंवा गांडूळखत प्रकल्पही असेल तर १० टक्के. ही सवलत कागदावर न देता दरवर्षी जूनमध्ये तपासणी करून द्यावी. त्याला तज्ज्ञ लागत नाही. खाण्याचा रंग कालवलेले पाच-सहा बादल्या पाणी गच्चीच्या जाळीत ओतायचे आणि ते कुठे निघते ते पाहायचे. गाळणीच्या चेंबरमध्ये दिसले तर सवलत चालू, रस्त्याकडेच्या गटारात दिसले तर बंद.

– एक वाचक, कोथरूड, पुणे