शंट असलेल्या मुलाची उलटी

महोदय,

‘पित्त झालंय, संध्याकाळपर्यंत बरं वाटेल,’ असं म्हणून माझ्या सहा वर्षांच्या मुलीला गावातल्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन दिलं. तिच्या डोक्यात शंटची नळी आहे, हे मी दोनदा सांगितलं होतं. रात्री हाका मारूनही ती डोळे उघडेना, तेव्हा गाडी करून सोलापूर गाठलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. नळीचं वरचं टोक तुंबलं होतं. पहाटे ऑपरेशन झालं. आता ती पहिलीत जाते.

शंट म्हणजे मेंदूत साचणारं पाणी कातडीखालून पोटात उतरवणारी नळी आणि तिच्यावरची झडप. ही नळी तुंबते, तुटते, मूल उंच झालं की आखूड पडते. लहान मुलांत दोन वर्षांच्या आत जवळपास निम्मे शंट बिघडतात. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होतो. तेव्हा ताप येतो, नळीच्या वाटेवर लाली दिसते, कधी नुसतंच पोट दुखतं. तुंबलेला शंट जास्त फसवा. सकाळी उलटी, डोकेदुखी, पेंग, चिडचिड. तान्ह्या बाळाची टाळू तरी फुगते, सहा वर्षांच्या मुलीची टाळू केव्हाच भरलेली असते. कानामागची झडप बोटानं दाबून ‘चालू आहे’ म्हणणारेही भेटले. तेवढ्यावर विसंबता येत नाही.

1956 मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर या कारागिरानं शंटची झडप बनवली, ती स्वतःच्या आजारी मुलासाठी. म्हणजे या कामात आईबापांना थोडंफार कळतं असं धरून चालायला हरकत नाही. ‘आज ही नेहमीसारखी नाही’ असं आई म्हणाली, तर निदान स्कॅन होईपर्यंत पित्ताचं नाव काढू नये.

घरी सोडताना रुग्णालयांनी एक कार्ड द्यावं: झडप कोणती, कधी बसवली, रात्री फोन कुणाला करायचा. सोबत मूल बरं असतानाच्या स्कॅनची फिल्म द्यावी. काही मुलांच्या पोकळ्या शंट तुंबूनही फारशा फुगत नाहीत, तेव्हा जुन्या फिल्मशी ताडून पाहावं लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतातच. वर्गात शंटवालं मूल असेल तर त्याच्या बाईंना ही लक्षणं या पथकांनीच सांगावीत.

आमची फिल्म मी हल्ली लग्नकार्याला जातानाही साड्यांच्या पिशवीत घालते.

– एक आई, बार्शी