नोझलवर टक्का लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाड्यांची ताकद वाढवणाऱ्या ‘पोरां’बद्दल मागच्या रविवारी आपल्या अंकात जे छापून आलं ते वाचलं. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझ्याकडे तशी एक गाडी आहे. लेखात इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो आला, सायलेन्सरचा आवाज आला, रील्स आल्या. पेट्रोलचा पाइप मात्र कुठेच आला नाही, आणि त्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा टक्काही नाही. माझ्या पाहण्यात ज्यांची इंजिनं गेली, त्यातल्या बऱ्याच जणांची पेट्रोल कमी पडल्यामुळे गेली. हवा वाढवायची हौस सगळ्यांना असते. तेवढं पेट्रोल पोचतंय का, हे बघायला कुणी वाकत नाही.

माझी गाडी म्हणजे स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, मूळची १५० हॉर्सपॉवर. ऑक्टाव्हिया तेव्हा आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या जायच्या, त्यामुळे या गाडीबद्दल गाववाल्यासारखी माया आहे. २०१९ मध्ये मोठा टर्बो बसवला आणि ती २८०च्या आसपास गेली. गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला ठाऊक आहे. म्हणून ती रस्त्यावर फिरत नाही. डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर जाते, दोनदा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेली, आणि प्रत्येक वेळी ट्रेलरवर. घरचे म्हणतात, नवरदेवसुद्धा एवढ्या थाटात जात नाही.

आता हिशेब. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण पाव किलोपेक्षा थोडं जास्त, ०.२७ किलो धरा, पेट्रोल लागतं. २८० हॉर्सपॉवरला झालं ७६ किलो, म्हणजे तासाला १०३ लिटर. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चार, आणि ते शंभर टक्के उघडे ठेवायचे नसतात, ८५ टक्क्यांवर थांबायचं. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला ५०५ सीसी आले. मूळचे इंजेक्टर तीनशेच्या आसपासचे. म्हणून ५५०चे घेतले, टाकीत तासाला २५५ लिटरचा पंप टाकला. कागदावर पंप दुपटीहून मोठा दिसतो, पण तसा तो नसतो. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, मुळात ३ बार दाब, त्यावर टर्बोचा १.२ बार, आणि ४.२ बारला ढकलताना पंपाची धार बारीक होते. शिवाय वायर. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपाच्या प्लगवर मल्टिमीटर लावला तर ११.२! इतक्या वर्षांची केसासारखी वायर, दुसरं काय होणार. बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले टाकला तेव्हा तो पंप पंपासारखा चालला.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं केलं. मग माती खाल्ली, ती एका वीतभर पाइपात. नव्या पंपाची तोटी वेगळ्या मापाची, मूळचा घड्या घड्यांचा प्लास्टिकचा पाइप तिला बसेना. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, हा घ्या, इंजेक्शनचाच आहे, इम्पोर्टेड.’ खोटं बोलला नाही बिचारा. पाइपावर ‘३० आर ९’ छापलेलं होतं, आणि तो इंजेक्शनचाच पाइप असतो. फक्त तो बॉनेटखाली लावायचा असतो. पेट्रोल त्याच्या आतून जावं अशी रचना आहे. आतला थर पेट्रोलला दाद देत नाही, वरचं कव्हर देतं. टाकीत बुडवायचा पाइप वेगळा, ‘३० आर १०’, आतबाहेर दोन्हीकडून भिजायला केलेला. आणि हे सांगतोय कोण? वाळूजला रबरी होज बनवणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. छाप वाचला, ‘आर’ दिसला, क्लिप आवळली, मोकळा झालो.

पाच वर्षांनी डायनोवर कळलं. साडेपाच हजार आरपीएमच्या वर मिश्रणाचा आकडा, म्हणजे एका किलो पेट्रोलमागे किती किलो हवा, ११.८वर राहायचा, तो १२.६, १३.१ असा चढायला लागला. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. दाबाचा काटा ४.२वरून ३ला आला. पाय काढला म्हणून पिस्टन वाचले. पंप ठणठणीत, फिल्टर नवा. घरी आणून मागची सीट उचलली, झाकण उघडलं, पंप वर काढला. पाइप भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगलेला, नखाने दाबला तर वण राहत होता, आणि क्लिपच्या कडेला उभी चीर. पंप पेट्रोल ढकलत होता आणि त्यातलं निम्मं चिरेतून परत टाकीतच पडत होतं. बाहेर थेंब नाही, वास नाही. कोण शोधणार?

त्या पाइपाचे दोन तुकडे कारखान्यात नेले. म्हणजे न वापरलेले, उरलेले होते त्यातले. एक पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ठेवला, दुसरा इथेनॉल काढलेल्या पेट्रोलमध्ये. इथेनॉल काढणं अवघड नाही. उभ्या मापाच्या नळीत ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर वाढतो. तो किती वाढला त्यावरून अंदाजाने टक्का कळतो. आठ दिवसांनी व्हर्नियरने जाडी मोजली. मूळ बाहेरचा व्यास १४ मिलिमीटर. धुतलेल्या पेट्रोलमधला १५.१, पंपाच्या पेट्रोलमधला १६.३. म्हणजे पाइप चुकीचा होताच, तो कशातही सडला असता. इथेनॉलने घाई केली एवढंच.

कृपया मला इथेनॉलच्या विरोधकांत ढकलू नका. माझा थोरला भाऊ पैठण तालुक्यात ऊस लावतो, कारखान्याचं बिल वेळेवर आलं की आमच्या घरी दिवाळी. आणि टर्बोच्या गाडीला इथेनॉल गोडच लागतं. ऑक्टेन वाढतो, आतली हवा गार होते. पण त्याचं माप वेगळं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. माझे ५०५ झाले साडेपाचशेच्या घरात. सांभाळून ठेवलेली सगळी जागा तिथेच संपली. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर स्वतःच पेट्रोल वाढवतो. पाय पूर्ण दाबला की जुन्या गाड्या बऱ्याचदा किती हवेला किती पेट्रोल याच्या आधी भरून ठेवलेल्या तक्त्यावर चालतात, आणि तो तक्ता कुठल्या पेट्रोलवर भरला ते महत्त्वाचं.

२०२४ मध्ये याच मापाच्या नळीत एका पेट्रोल पंपावरच्या पेट्रोलचा खालचा थर २३वर थांबला होता, दुसऱ्याचा २८वर. पहिल्यात चौदा-पंधरा टक्के, दुसऱ्यात वीस. दोन्हीकडे भाव तोच, नोझल तेच, आणि कुठेही आकडा लिहिलेला नव्हता. पेट्रोल भरणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘काका, साधं का पॉवर?’ युरोपात ऑक्टोबर २०१८ पासून नोझलवर गोल खूण असते, ई५ की ई१० ते त्यात लिहिलेलं. तीच खूण नव्या गाडीच्या झाकणावर. अडाण्यालाही जुळवता येतं. इकडे आता विसाच्या पुढच्या टक्क्यांची बोलणी ऐकू येतात. मग तर नोझलवर आकडा हवाच. माझ्यासारख्या हौशी माणसांचं सोडा, २००५ची साधी गाडी फिटनेस करून चालवणाऱ्या पेन्शनरच्या टाकीतही रबर आहेच.

आणि लेखातल्या पोरांना एवढंच सांगा, टर्बोच्या पैशातले थोडे पाइपासाठी ठेवा. ‘आर १०’ मला फुटाला दोन हजारांच्या घरात पडला, आधी तोच महाग म्हणून घेतला नव्हता. डायनोचं भाडं, ट्रेलर, दोन सुट्ट्या धरून तो स्वस्तवाला कितीला पडला, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

आपल्या वार्ताहराला शहरातल्या दहा पंपांचं पेट्रोल तपासून आकडे छापायचे असतील, तर नळी माझ्याकडे आहे. रविवारी मी घरीच असतो.

आपला,
एक जुना वाचक
बजाजनगर, वाळूज