संविधान सभेतील विरोधी सूर

महोदय,

संविधान दिनी शाळा-कार्यालयांत उद्देशिकेचे वाचन होते, ते योग्यच आहे. परंतु ज्या चर्चेतून राज्यघटना घडली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांसमोर आलेल्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी पक्षशिस्तीची चौकट न मानणाऱ्या सदस्यांचे, ज्यांत विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते, नावे घेऊन आभार मानले. (आज असे आभार कोण मानतो?) विधेयके काही मिनिटांत संमत होण्याच्या या काळात संविधान सभेतील निवडक वादविवाद मराठीतून शालेय पाठ्यपुस्तकांत समाविष्ट करावेत, अशी शिक्षण विभागास विनंती आहे.

– एक वाचक, अमरावती