सिंगापूर सहलीस जाणाऱ्या कुटुंबांसाठी सूचना

मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दिवाळीच्या सुट्टीतील चार दिवसांच्या सिंगापूर सहलीसाठी ज्या कुटुंबांनी नावे दिली आहेत, त्यांनी पासपोर्टची मुदत आणखी किमान सहा महिने शिल्लक असल्याची खात्री आजच करावी. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांतच संपतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. व्हिसाव्यतिरिक्त प्रत्येकाचे आगमनपत्र पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत तेथील सरकारी संकेतस्थळावर भरावयाचे असून ते विनामूल्य आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

सामानाबाबत विशेष विनंती आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी अवश्य घ्यावी, परंतु खसखस तेथे अमली पदार्थांच्या नियमांत येत असल्याने ती मसाल्याच्या पुडीतसुद्धा ठेवू नये. गेल्या सहलीच्या वेळी एका आजींच्या डब्यातील खसखशीचे लाडू आम्ही सोलापूर स्थानकावरच काढून ठेवले, तेव्हा त्यांचा हिरमुसलेला चेहरा पाहवत नव्हता. च्युइंगगम आणि ई-सिगारेट यांनाही तेथे बंदी आहे. मेट्रोत खाणेपिणे हा दंडनीय गुन्हा असल्याने मुलांना आधीच नीट समजावून सांगावे.

घड्याळ अडीच तास पुढे करावे. गार्डन्स बाय द बे येथील उंच कृत्रिम वृक्षांवरील प्रकाशखेळ सायंकाळी 7.45 वाजता विनाशुल्क असतो. ज्येष्ठांना बसावयास जागा मिळावी म्हणून तेथे अर्धा तास आधी पोहोचावे.

पासपोर्टच्या छायाप्रती येत्या रविवारपर्यंत कार्यालयात द्याव्यात.

– कार्यवाह