मानाचे वारकरी आणि एसटीचा पास

माननीय संपादक,

आषाढी झाली की आपल्या पहिल्या पानावर मानाच्या वारकऱ्यांचा फोटो येतो. मुख्यमंत्री, विठ्ठल आणि शेजारी बावरलेलं शेतकरी जोडपं. दर्शनबारीत जे पुढे असतील त्यांना पहाटेच्या महापूजेचा मान. ना शिफारस, ना जात. याच मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं होतं, त्यामुळे मला या प्रथेचं फार अप्रूप आहे.

या जोडप्याला एसटी वर्षभर मोफत प्रवासाचा पास देते. मी वाहक होतो. एकदा सोलापूर गाडीत असे एक बाबा भेटले. पास प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात. दाखवताना चेहरा असा फुललेला, की मागच्या सीटवरचेही माना उंचावून बघू लागले. पण लेकुरवाळी बाई चढली तसे तेच आधी उठले. "बसा की बाबा," म्हटलं, तर म्हणाले, "पांडुरंग उभा हाय, आन् मी बसू? गावात आता समदी माझ्याकडं बघत्यात. भांडायचीसुदिक चोरी झालीया." शेजारी त्यांच्या मंडळी होत्या. त्या म्हणाल्या, "लई बरं झालं!"

वार्ताहर मात्र त्यांना एकच विचारतात, विठ्ठलाकडे काय मागितलं? उत्तरही ठरलेलं, पाऊस पडू दे. (पडायला हवाच.) वर्षभरानं त्यांच्या गावी जाऊन, मान मिळाल्यावर वागण्यात काय बदललं, हेही एकदा विचारून छापा.

— एक निवृत्त एसटी वाहक, बार्शी